साखरबाईचा कावळा

संजीवनी सिस्टर कॅन्सरच्या वॉर्डात काम करायची, त्यामुळं बारामतीत तिला जेवायला बोलवताना लोक जरा बिचकत. हा रोग लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण उगाच परीक्षा कशाला बघा, असं म्हणणारी शहाणी माणसं गावात पुष्कळ होती. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं काढून ती इथल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात आली होती. वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, आणि त्या खोलीत यायच्या त्या उशीर झालेल्या बायका. वेळेवर आलेली बाई तिनं अजून पाहिली नव्हती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, आणि तेवढ्या काळात लाकडी पट्टीनं नुसतं पुसून काचेवर घेतलं तरी सापडतो, हे ती येईल त्याला सांगायची. घरच्यांना मात्र तो सापडायचा वास सुटल्यावर.

सन पंच्याण्णवच्या दिवाळीत ती माहेरी कळसला गेली. माहेर म्हणजे चुलती, साखरबाई. आई लहानपणीच गेल्यावर हिनंच तिला वाढवली होती. साखरबाईचा नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला तो तापानं तिकडंच राहिला. मग पोरानं, दादासोनं, मेंढरं विकून डाळिंब लावलं. घराला स्लॅब पडला, पण म्हातारीची उठबस गोठ्यातच राहिली. तिथंच शेळीच्या आडोशाला बसून तिनं विचारलं,

"संजे, म्हातारपणी परत कावळा शिवतो का गं?"

संजीवनीच्या हातातली करंजी हातातच राहिली. विटाळ जाऊन नातीचं लग्नाचं वय होईस्तोवर काळ लोटलेली बाई ही.

"कधीपास्नं, नानी?"

"झालं की. दसऱ्याच्या आधीपास्नं. सून म्हणती, सासूबाई, दोघींनी बाजूला बसायचं तर सैपाक काय दादासो करणार हाय का?" म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "मी आपली सांगतच न्हाय आता. धुनं वढ्याला न्हेती."

"उद्या माझ्यासंगं बारामतीला चल."

"तुझ्या त्या खोलीत? खुळी का काय! छकुलीला बघायला येणार हायती भिगवणची माणसं. आजी कॅन्सरच्या दवाखान्यात म्हणल्यावर ती काय आत येत्यात व्हय? हितं संक्रांतीला तुझं तपासायचं शिबिर हाय न्हवं? तवा येते. समद्या बायांत एक. कुणाला कळायचं न्हाय."

संजीवनीनं तिला आपल्या गळ्याची आण घातली. साखरबाईनं शेळीच्या गळ्याचीही घेतली.

आता या शिबिराचं असं होतं, की आदल्या वर्षी ते झालं होतं आणि त्याला कोणी आलं नव्हतं. म्हणजे पुरुष आले होते. मांडव, लाउडस्पीकर आणि पुण्याहून आलेली डॉक्टरीणबाई बघून गेले. बायका पाण्याला, शेताला, कुणी घरात कडी लावून. हॉस्पिटलचे विश्वस्त मोहनराव माणूस उमदा. हार घालून घेताना मान इतकी हळुवार वाकवत की हारवाल्यालाच संकोच वाटे. रिकाम्या खुर्च्यांचा त्यांना मनस्वी त्रास झाला होता.

"सिस्टर, यंदा गर्दी पाहिजे," ते म्हणाले. "आरोग्यमंत्री नाही आले तरी चालेल, बायका आल्या पाहिजेत."

तेव्हा संजीवनीला ती कल्पना सुचली. "साहेब, संक्रांत आहे. हळदीकुंकू ठेवू या. स्टीलच्या वाटीचं वाण देऊ. पण तपासणी करून पडद्याबाहेर येईल तिलाच वाटी."

मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. ही थाप पुढं वर्षभर भाषणातून ऐकू येत राहिली.

संजीवनीचा नवरा एमआयडीसीत दूध डेअरीत होता आणि चांगला धडधाकट होता. रोज मोटरसायकलवरून जात होता, परत येत होता. त्यामुळं तिच्या कपाळाला कधी कुठल्या दारात अडचण आली नव्हती, आणि आपल्याला नसलेली अडचण सुचायला फार हुशारी लागते.

संक्रांतीच्या हप्त्यात कळसच्या शाळेत असली गर्दी लोटली की शिपायाला दोनदा चक्कर आली. काठापदराची लुगडी, नव्या साड्या, गजरे, हलव्याचे दागिने घातलेली लेकरं. दारात मोहनरावांच्या सौभाग्यवती द्वारकाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या. आत सातवीच्या वर्गात चादरीचा पडदा, पडद्याआड डॉक्टरीणबाई आणि संजीवनी. एकामागून एक बाई येत होती, लाजत होती, काचेची पट्टी भरत होती आणि वाटी घेऊन जात होती. वीस वर्षांची. एकोणीसची. गेल्या माघात लग्न झालेली. एकीनं तर विचारलं, "बाई, माझ्या जावंला बरं न्हाय, तिचं बी माझ्यातनंच तपासा आन् दोन वाट्या द्या."

दुपार कलली तशी संजीवनीनं पडद्यातून डोकं काढून शिपायाला विचारलं, "साखरबाई आल्या का रे? दादासोची आई?"

"आलत्या की. सगळ्यात पयल्या. आन् गेल्या बी."

"गेल्या? कुठं?"

ते तिला द्वारकाबाईंकडून कळलं. द्वारकाबाई स्वभावानं प्रेमळ होत्या, त्यामुळं त्यांनी प्रेमानंच सांगितलं होतं. "म्हटलं, साखरबाई, तुम्ही जरा बाजूला बसा. आधी सवाष्णींचं होऊ द्या. तबक पुढं आहे ना! त्यांनाच कसंतरी वाटलं असतं हो. बसल्या थोडा वेळ त्या आंब्याखाली. अजून तिघी-चौघी होत्या तसल्याच. मग काय झालं, उठून गेल्या आपल्या आपण. समजूतदार आहेत हं बायका तुमच्या गावच्या."

संजीवनी हातमोज्यासकट चुलतीच्या घरी पळाली. साखरबाई शेळीला पाला घालत होती.

"नानी, चल. मागच्या दारानं नेते."

"ऱ्हाऊ दे, संजे. सणाच्या दिशी दारातनं माघारी आल्याली बाई मागच्या दारानं जाती व्हय? चोर हाय का मी?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आन् आता थांबलंय बघ. कायसुदिक न्हाय. शेळीच्यान्."

संजीवनीला ते खरं वाटलं नाही. पण शाळेत रांग उभी होती, डॉक्टरीणबाईंची गाडी अंधाराच्या आत निघायची होती. ती परत गेली आणि आणखी वीस वर्षांच्या पोरी तपासत राहिली. निघताना एक वाटी तिनं पिशवीत टाकली.

पुण्याहून सगळ्या काचा कोऱ्या आल्या. वर्तमानपत्रात मोहनरावांचा फोटो, खाली मथळा: कळस गावात कॅन्सर शून्य. मोहनरावांनी तो हॉस्पिटलच्या दारात फ्रेम करून लावला. जणू रोगानं तो वाचून बाहेरच्या बाहेर परत जावं.

संजीवनी त्यांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, ज्यांना धोका जास्त त्या म्हाताऱ्या, त्यातल्या निम्म्या विधवा. त्या दारातूनच परत गेल्या. त्यांच्यासाठी वेगळं शिबिर घेऊ या."

मोहनरावांनी मनापासून विचार केला. "विधवांचं शिबिर? बॅनरवर काय लिहायचं? उद्घाटनाला कुणाला बोलवायचं? नारळ कुणाच्या हस्ते वाढवायचा? आणि सिस्टर, शून्य आलाय ना. शून्याला कशाला डिवचता?"

ती दर रजेला कळसला जात राहिली. दर वेळी शेळीची आण ऐकून परत येत राहिली. एकदा तिनं दादासोला गाठलं. तो म्हणाला, "आईला? कायतरीच काय, ताई. धडधाकट हाय की. छकुलीचं उरकू दे एकडाव, मग बघू तुझं तपासणं." छकुलीचं वैशाखात उरकलं. साखरबाईनं नातीच्या लग्नात भाकरी थापल्या आणि दोनदा भोवळ येऊन पडली. ऊन लागलं, असं ठरलं.

श्रावणात दादासो तिला ट्रॅक्टरमध्ये गोधडीवर निजवून घेऊन आला. गोधडी वरून ठिपक्यांची होती. खालून काय होतं ते संजीवनीनंच धुतलं. पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी किरणांचा शेक द्यायचं कागदावर लिहिलं आणि तोंडी सांगितलं, की माणसाच्या समाधानासाठी देऊ. परत आणून त्या लांब खोलीत खिडकीजवळची खाट दिली. वास दबावा म्हणून संजीवनी खाटेखाली कोळसा ठेवायची, दिवसातून तीनदा कपडे बदलायची. दुखण्याची गोळी वेळेआधी द्यायची, कारण वेळ झाल्यावर दिली की ती दुखण्याच्या मागं पळत राहते. पेज भरवायला तिनं पिशवीतली वाटी काढली.

साखरबाईनं वाटी ओळखली. "मिळाली म्हण की मला. बिनकुंकवाची." आणि दुखत असताना हसता येतं तेवढं हसली.

"नानी, तू दारातनं ओरडली का न्हाईस गं? मी आत होते."

"वरडून काय सांगू? मला कावळा शिवतोय म्हणून?" थोडा दम खाऊन ती म्हणाली, "तुझं चुकलं कुठं सांगू? रांडाव बाया सणाला कशा यायच्या? आमी जमतो मयताला. तितं आमाला कुणी माघारी धाडीत न्हाय. उलट म्होरं बसिवत्यात. भामी, झुंबरी, समद्या येत्यात बघ. माझ्या तेराव्याला घेऊन ये तुझ्या त्या काचा."

"गप, नानी."

"भामीला बी शिवतोय," साखरबाई डोळे मिटून म्हणाली. "आमी दोघी वढ्याला संगंच जायचो."

पोळ्याआधी ती गेली.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवले. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. आयुष्याच्या शेवटी न बोलवता महिनोन् महिने शिवत राहिलेला कावळा आता बोलवून येईना. भटजी घड्याळ बघायला लागले. दादासो हात जोडून म्हणाला, "आई, शेळी इकनार न्हाय." कावळा नाही. "छकुलीला दिवाळीला साडी धाडीन." नाही. भाऊबंदांनी आपापल्या परीनं वचनं दिली. एकानं तर बांधाचं भांडण मिटवतो असं सांगितलं आणि कावळ्याच्या आधी स्वतःच दचकला.

ऊन तापलं. बायकांमधून संजीवनी पुढं झाली. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखाच निघाला. "नानी, तुझ्या तेराव्याला येणाऱ्या सगळ्या बाया मी तपासते. भामाबाईला धरून."

कावळा आला. तो वचनानं आला की भुकेनं, हे त्याचं त्याला ठाऊक. पण भाताला चोच लागली आणि सगळ्या गावानं ती पाहिली. दादासोनं डोळे पुसले, मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्या घरात काय होणार आहे. पण कावळ्यापुढं त्याचं काही चालणार नव्हतं.

तेराव्याला गोठ्यात गोधडीचा पडदा लागला. शेळी बाहेर बांधली. म्हाताऱ्या जेवायच्या आधी एकेक करून आत जात होत्या. कुणी लाजलं नाही, कुणी वाटी मागितली नाही. भामाबाई आत आली आणि म्हणाली, "साखरीचा सबुद हाय म्हणून आले. न्हायतर तुझ्या बापाला बी दिसले नसते."

या वेळी काचा कोऱ्या आल्या नाहीत. दोनांत रोग निघाला. भामाबाईचं वेळेत होतं. पुण्याला शेक घेऊन ती परत खुरपायला लागली. दुसरीच्या पोरांनी सांगितलं, आमच्यात असलं काही नसतं, आणि तिला देवऋष्याकडं नेलं.

मोहनरावांनी संजीवनीला बोलावलं. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

"सिस्टर, संक्रांतीला कळसमध्ये शून्य होता. तुम्ही गोठ्यात गेलात आणि दोन झाले. याला वाढ म्हणतात. उद्या पेपरवाल्यानं विचारलं तर मी काय सांगू? शिवाय हॉस्पिटलचं सामान सुतकाच्या घरी!"

"सुतक फिटलं होतं, साहेब."

"तेच म्हणतो मी. सगळं फिटल्यावर कशाला उकरायचं?"

तिची बदली डोळ्यांच्या विभागात झाली. तिथं मोतीबिंदू सापडला तर कुणाला वाईट वाटत नसे. उलट फोटो निघे. लांब खोलीत नवी पोरगी आली. तिला कोळसा कशासाठी ठेवलाय ते कळेना, तिनं तो शेगडीला वापरला.

पुढच्या संक्रांतीला कळसला पुन्हा हळदीकुंकू झालं. या वेळी वाण म्हणून मोठी डिश होती. गर्दी आदल्या वर्षीपेक्षा जास्त. भामाबाई शाळेवरून चालली होती तेव्हा द्वारकाबाईंनी तिलाही प्रेमानं बाजूला बसायला सांगितलं, असं म्हणतात. काचा कोऱ्या आल्या. हॉस्पिटलच्या दारात दुसरी फ्रेम लागली.

माघ सरत आला असेल. संजीवनी डोळ्यांत औषधाचे थेंब घालत बाकावरून पुढं सरकत होती. एका म्हातारीचं डोकं मागं कलतं केलं तर बाईचे डोळे लख्ख. मोतीबिंदूचा मागमूस नाही.

"आजी, तुमाला तर चांगलं दिसतंय. कशाला आलाय?"

म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या पदराला धरून तिला खाली वाकवलं.

"मी भिगवणची. भामी माझ्या नणदंची जाऊ. ती म्हणली, तू तेराव्याला येतीस." तिचा आवाज आणखी बारीक झाला. "पर बाई, आमच्यात सध्या कुणी मरंनाच झालंय गं. तवर थांबलं तर चालंल का?"