संध्याकाळी फोन करते

दुकानदाराने भिंतीवर लावायची डिजिटल चौकट उलटी केली, मागची बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि चौकट पुन्हा तिच्यासमोर धरली. पडद्यावरची करड्या रंगातली फुलं जागची हलली नव्हती.

"बघा ताई. मोबाईल, टीव्ही सगळे विजेचे खादाड. वीज गेली की काळे ठिक्कर. हा पडदा कागदासारखा, चित्र बदलतानाच काय ती वीज लागते. पण बॅटरी संपली तरी पत्ता लागत नाही. शेवटचं लिहिलेलं तसंच राहतं. अधूनमधून बघत जा."

"रंग नाहीत तेच बरं. आईच्या डोळ्यांना चमक सोसत नाही," ती म्हणाली. कडेवरची तिची लेक ठमी रडायला लागली होती. बाकीचं तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं.

चौकट आईच्या स्वयंपाकघरात लागली. आई तिला पाटी म्हणायची. रोज सकाळी आपल्या घरी ठमीला भरवता भरवता लेक मोबाईलवरून चार शब्द धाडायची, ते तिकडे भिंतीवर उमटायचे. नवरा फिरतीवर, दिवसभर मोठं माणूस बोलायला नाही. आईचा आवाज ऐकला तर रडूच फुटेल, म्हणून ती फोन टाळायची आणि लिहायची, 'आम्ही मजेत.' मध्ये ठमीला ताप आला, उतरला, पुन्हा चढला. तरी पाटीचा नेम चुकला नाही. मोबाईल दर वेळी इमानदारीत सांगायचा, 'पाठवलं.'

'रविवारी येतोय' असं लिहून ती रविवारी दारात उभी राहिली, तर आईने साखळी न काढताच फटीतून पाहिलं.

"अगं बाई, तू? वाट चुकलीस की काय? कळवायचं तरी."

"कळवलं की. पाटीवर."

आईने साखळी काढली. ठमीला उचलून आत गेली.

भिंतीवर ठळक, स्वच्छ अक्षरं होती: 'संध्याकाळी फोन करते.' ठमीच्या तापाआधीचं वाक्य. तो फोन तिने केलाच नव्हता. पाटीखाली एक खुर्ची होती, आणि बाहेरच्या खोलीतला फोन वायर ताणून तिच्याशेजारी आणून ठेवलेला.

"आई, ही कधीची बंद पडलीय."

"ठाऊक आहे. खालचे मास्तर बॅटरी बदलून देत होते. मीच नको म्हटलं."

"का पण?"

आई ठमीचे बूट काढत होती. "बदलली असती की आलंच असतं, 'आम्ही मजेत'. हे बरं होतं. संध्याकाळची वाट तरी बघता यायची."

"मग तू करायचास ना फोन."

"मजेत असलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?"

बुटाचा बंद गाठ बसून अडकला होता. आई तो नखाने सोडवत राहिली. लेक ओट्याला टेकून आईच्या हातांकडे बघत होती.

"आई, मी मजेत नाहीये गं."

आईने मान वर केली नाही. पायाने खुर्ची तेवढी तिच्याकडे सरकवली.

"बस आधी."

तुम्हालाही कुणी रोज न चुकता 'मजेत' म्हणून कळवत असेल, तर आज उत्तर लिहू नका. जाऊन त्यांचं दार वाजवा.