हॉइटच्या दगडापाशी ठेवलेला केक

मे महिन्यात एका रविवारी डोंगरातली सगळी घरं आपापल्या माणसांची थडगी सजवायला वर चढतात. फुलं वाहायची, तिथेच गवतावर चादरी पसरून जेवायचं आणि निघताना खरकट्याचा कणही मागे ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम हॉइट बर्चफील्डचा. पायवाटेवरचा निवारा त्याने तीस वर्षं सांभाळला. येईल त्याला बजावायचा : अन्नाची पिशवी तारेवर उंच टांगा, अस्वल दिसलं तर पळू नका, हात वर करून ओरडा. एका फाटक्या कानाच्या अस्वलिणीला त्याने चौदा वर्षं पातेली बडवून हुसकावलं. म्हणूनच ती जिवंत आहे, असं तो म्हणे; माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी गोळीच घालावी लागते.

यंदा तिथे त्याचंही थडगं होतं. सगळे खाली उतरायला लागल्यावर त्याच्या बायकोने, ऑर्लीनने, वाळवलेल्या सफरचंदांचा केक थडग्याच्या दगडापाशी ठेवला. त्याच्या आवडीचा. अख्खा.

दहा दिवसांनी जंगलखात्याचा रेंजर टकर दारात आला.

"काकू, फाटक्या कानाचीनं चार दिवसांमागं एका पोरीची पाठपिशवी ओढली. पोरगी ओरडली, दगड मारले, ही हलेना. खांदा फाडला पोरीचा."

"लांब नेऊन सोड की तिला."

"परत येईल. माणसाच्या खाण्याची चव लागल्यावर काय होतं, ते हॉइटकाकांनीच शिकवलं ना मला? पिंजरा लावलाय, पण बया भलतीच नखरेल. मासे नकोत, मध नको. काकांच्या दगडापाशी मात्र रोज हुंगत बसते."

ऑर्लीन खुर्चीत बसली. "केक ठेवला होता रे मी तिथं."

"तुम्ही? काकू, तुम्ही?"

टकरने टोपी काढली, हातात फिरवली. खाली बघत विचारलं, "उरलाय का थोडा?"

त्याला तो कशाला हवा, हे तिला कळलं. ती उठली, फडताळातून वाळवलेल्या सफरचंदांची बरणी काढली आणि फोडी पाण्यात भिजत घातल्या.

"परवा सकाळी ये," ती म्हणाली. "केक एक दिवस मुरावा लागतो. त्याशिवाय वास सुटत नाही."