दोरीचं दार

प्रियदर्शनीने दाराबाहेर लोंबणारी दोरी ओढली. आत कडी टक्‌ करून उचलली गेली आणि दार उघडलं.

"आलीस का गं?" आतून आवाज आला.

अण्णाराव खाटेवर उठून बसले. दारात मुलगी उभी दिसल्यावर त्यांनी उगाच उशी सारखी केली. त्यांची बायको वैजयंती गेल्या श्रावणात वारली, पण कडी वाजली की त्यांच्या तोंडून अजून तेच शब्द यायचे. प्रियदर्शनीच्या ते लक्षात आलं. तिने पुण्याहून आणलेली पिशवी आणि एक चौकोनी खोकं खाली ठेवलं.

"अण्णा, ही दोरी अजून तशीच? मागच्या गल्लीत चोरी झाली म्हणून तुम्हीच सांगितलंत ना फोनवर?"

"त्यांच्या दाराला कुलूप हुतं, ते तोडलं. आपल्याला तोडायला कुलूपच न्हाय."

एरवी ती हसली असती.

"नीट ऐका. एक तर आज हे नवं कुलूप लागेल, नाहीतर तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला चला. घर भाड्याने देऊन टाकू. तिकडे मला रात्ररात्र झोप लागत नाही."

अण्णारावांनी घराकडे एकदा पाहिलं. अंगणातला नळ, नळाखालचा झिजलेला दगड, चुलीपाशी भिंतीला टेकवून ठेवलेला वैजयंतीचा पाट. पुण्यात अकराव्या मजल्यावर यातलं काही नव्हतं.

"लाव बाई," ते म्हणाले.

दोरी वैजयंतीची होती. सोलापूरच्या भवानी पेठेतली ही गल्ली उताराची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ते आधी खालच्या टोकाला, म्हणजे यांच्या अंगणात, धो धो पडायचं. वरच्या घरांत नळ नुसता फुसफुसायचा. मग वरच्या बाया घागरी घेऊन इथे यायच्या. वैजयंतीचे हात पिठात असायचे, दर वेळी कडी काढायला कोण उठणार? अण्णाराव तेव्हा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांनी दाराला भोक पाडून दिलं. कारखान्यातल्या तुटक्या सुताला पीळ घालून तिने दोरी केली, कडीला बांधली आणि टोक बाहेर सोडलं. दोरी झिजली की ती नवी वळायची. ही तिने वळलेली शेवटची.

दुपारी मिस्त्री येऊन कुलूप बसवून गेला. दारावर आकड्यांची काळी पट्टी आली, वर चौकटीवर छोटा कॅमेरा. प्रियदर्शनीने खुर्ची ओढून वडिलांना शेजारी बसवलं.

"याहून स्वस्त पुष्कळ होती. पण बनवणारी कंपनी पुढे त्याच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती फोनवर पाठवते की नाही, ते बघून मी हे घेतलं. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत कुणीही शिकलेला चोर ते उघडेल. वायफायचा कंपनीने दिलेला पासवर्ड होता, तोही मी बदललाय."

"आन्‌ कॅमेरा? घरात न्हाय लावला?"

"घरात कशाला? तुम्ही कसे बसता, काय खाता, ते कुणी बघायचं कारण नाही. मीसुद्धा नाही."

हे अण्णारावांना आवडलं. त्यांनी तिच्यासमोर चार वेळा नंबर दाबून दार उघडून दाखवलं. दर वेळी कुलूप पीं करून वाजायचं.

"आणि हा नंबर कुणालाही सांगायचा नाही."

"व्हय."

तिने कात्री घेऊन दोरी कडीपासून कापली आणि केराच्या टोपलीकडे वळली. अण्णारावांनी हात पुढे केला. दोरी घेऊन त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेंगाचटणी आणायला बाहेर पडली. दुकानदार चटणी तोलत असताना फोन वाजला. पडद्यावर कुलपाचा निरोप होता. दार उघडले. पाठोपाठ पुन्हा. दार उघडले. दार उघडले. तिने फोनवर दारावरचा कॅमेरा लावून पाहिला. दारासमोर बायांची रांग होती. सगळ्यांत पुढे शेजारच्या केराबाई, काखेत घागर, एका बोटाने सावकाश आकडे दाबत होत्या.

चटणी तशीच टाकून ती रिक्षात बसली.

गल्लीच्या तोंडाशीच तिला केराबाईंचा आवाज ऐकू आला. त्या दारात उभ्या राहून वरच्या घरांकडे बघत ओरडत होत्या.

"पाणी आलंय गं! आधी सात दाब, मग दोनदा चार, मग नऊ! हिरवा दिवा लागला की ढकल!"

अंगणात घागरींचा खणखणाट चालला होता. अण्णाराव नळापाशी उभे राहून पाळी लावून देत होते. मुलीला पाहून त्यांचा हात खाली आला.

"अण्णा, नंबर कुणाकुणाला सांगितलात?"

"कुणाला न्हाय. एकट्या केराबाईला."

"एकट्या! अख्ख्या पेठेला पाठ झालाय तो! मग कुलूप कशाला लावलं मी?"

"दोरी सगळ्यांस्नी ठाऊक हुती की," अण्णाराव हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, आता दोरीच्या जागी नंबर."

बायांपैकी एकीने अर्धी भरलेली घागर उचलली आणि वाट काढत निघून गेली. दुसऱ्याही तिच्या मागे गेल्या. केराबाई मात्र नळाखाली घागर लावून तिथेच बसल्या.

"त्यांच्यावर नको वरडूस पोरी. दोरी ओढूनच मी आत आले हुते त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

केराबाईंनी अण्णारावांकडे पाहिलं. अण्णाराव नळाकडे बघत होते.

वैजयंती गेली त्या दिवशी अण्णाराव कुर्डुवाडीला लग्नाला गेले होते. प्रियदर्शनी पुण्याहून पोहोचली तेव्हा आईला बाहेर आणून ठेवलं होतं. शेवटच्या वेळी आई घरात एकटीच होती, एवढंच तिला कळलं होतं. पुढचं तिने कधी विचारलं नव्हतं, आणि ती विचारत नाही म्हणून अण्णारावांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"चुलीपाशी भिंतीला टेकून बसली हुती वैजू," केराबाई म्हणाल्या. "मी मिरच्या मागाय आले हुते. घामानं भिजलेली. म्हणाली, केरा, पाणी दे. दिलं. दोन घोट प्याली. मग मांडीवर डोकं घेतलं तिचं. रिक्षा यायच्या आत गेली. पर एकटी नव्हती, पोरी. मी हुते हितं."

घागर भरून पाणी दगडावरून वाहू लागलं. सोलापुरात असं पाणी कुणी वाहू देत नाही. पण बराच वेळ नळ बंद करायला कुणाचा हात गेला नाही.

शेवटी प्रियदर्शनीनेच तो बंद केला. पदर नव्हता, म्हणून ओढणीने तोंड पुसलं. मग चुलीपाशी जाऊन आईच्या पाटावर बसली आणि फोन काढला. जुना नंबर पुसून टाकला.

"काकू, इकडे या. तुम्हाला तुमचा वेगळा नंबर देते. हा ओरडून सांगायचा नाही हं."

"न्हाय गं बाई. मग बाकीच्यांचं?"

"त्यांना पाण्याच्या वेळेपुरता देते. पाणी किती वाजता येतं?"

केराबाई आणि अण्णाराव दोघंही हसले.

"ते म्हापालिकेला तरी ठाऊक असतंय व्हय?" केराबाई म्हणाल्या. "तू मला दे. पाणी आलं की मी उघडून धरीन दार."

फोन विचारत होता, परवानगी किती दिवस द्यायची. एक दिवस, एक आठवडा, कायम. प्रियदर्शनीने कायम दाबलं.

दुपारी ती निघाली. अण्णाराव पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आले.

"तुझ्या तितल्या दारालाबी असंच कुलूप हाय न्हवं?"

"हो. याच्याहून चांगलं."

"नंबर कुणाकडं हाय त्याचा?"

ती पिशवीची चेन लावत होती. चेन मध्येच अडकली.

"कुणाकडे नाही. माझ्याकडेच."

रिक्षावाल्याने रिक्षा चालू केली.

"समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात," ती म्हणाली. "वयस्कर आहेत. लिफ्टमध्ये भेटल्या की हसतात."

"नाव काय त्यांचं?"

प्रियदर्शनीने जरा आठवून पाहिलं.

"विचारते," ती म्हणाली.

अण्णारावांनी खिशातून दोरी काढली, बोटांभोवती गुंडाळून तिचं लहानसं वेटोळं केलं आणि पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात सारलं. ती बघत होती. तिने तो कप्पा बंद केला नाही.