वहिनीचं कुलूप

आमच्या पावाच्या कारखान्यात मला नावानं हाक मारणारं कुणीही नाही. सगळे ‘वहिनी’ म्हणतात. ही माझ्या नणंदेची करणी. ती माझ्याआधी इथे लागली होती, मिक्सर विभागात. मी आले त्या पहिल्याच दिवशी तिनं शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, “अगं वहिनी, डबा विसरलीस!” अशी बोंब ठोकली, आणि तेव्हापासून मी अख्ख्या शेडची वहिनी झाले. माझ्याहून वयानं मोठा असलेला फिटरही मला वहिनीच म्हणतो. आधी वाटायचं, हे थांबवावं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाच लागलं.

माझं काम सुरक्षेचं. गळ्यात शिट्टी घालून शेडमध्ये फिरायचं आणि कुणी वेडेपणा करताना दिसलं की वाजवायची. ओली फरशी, उघडी वायर, भट्टीजवळ सैल बाह्या. तोंड माझं फाटकं आहे, त्यामुळे शिट्टीनंतर जे ऐकायला मिळतं त्याला लोक जास्त घाबरतात. पण रागावत नाहीत. उलट स्वतःहून येऊन सांगतात, “वहिनी, काल त्या पट्ट्यात माझा हात जाता जाता वाचला, कुणाला बोलू नका.” मी बोलत नाही, पट्टा तेवढा दुरुस्त करून घेते. असं आमचं चाललेलं.

सगळ्यात जपायचा तो पीठ मळायचा मोठा मिक्सर. घरातला नव्हे हो. याच्या भांड्यात चारपाच माणसं उभी राहतील, आणि धुवायचं तर आत उतरावंच लागतं. उतरण्याआधी खांबामागचा मोठा स्विच खाली पाडायचा, त्याच्या कडीला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर तो मिक्सर कुणाच्या बापाला सुरू करता येत नाही. हे मीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलंय. माझंही एक कुलूप आहे, लाल. तपासणी करताना मी ते लावते.

तर सोमवारी साहेबांनी वर बोलावलं. म्हणाले, “तुमचं प्राथमिक प्रमाणपत्र आहे. आता सुरक्षेचा वरचा डिप्लोमा करा. एक वर्ष, सुट्टीच्या दिवशी वर्ग, शेवटी परीक्षा. खर्च कारखान्याचा. पास झालात की तुम्ही सुरक्षा अधिकारी. वर खोली मिळेल, आणि तुमच्या सहीनं काम थांबवता येईल.”

“आणि नाही केलं तर?”

“तर बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा.” आणि नमुन्याला म्हणून पहिल्या धड्याची पुस्तिका हातात दिली.

झालं. त्या क्षणापासून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो विचारू नका. आंघोळ करताना ठरवायचं, करायचं. वेणी घालताना ठरवायचं, छे, नाही करायचं. भाजी चिरताना परत करायचं. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळायचो तसं माझं सुरू झालं, फरक इतकाच की इथे ओरडणारीही मीच आणि उड्या मारणारीही मीच.

एकदा वाटायचं, सहीनं काम थांबवता येणं म्हणजे काय चैनीची गोष्ट आहे! आता मी शिट्टी वाजवते, पण वरून माल लवकर हवा असला की माझी शिट्टी पिपाणी होते. आणि लगेच वाटायचं, अधिकारी झाले की पाहिलेलं सगळं लिहून वर द्यावं लागणार. मग “कुणाला बोलू नका” म्हणत माझ्याकडे कोण येणार? लोक मला काही सांगायचेच बंद झाले, तर वरच्या खोलीत बसून मी काय माशा मारू? शिवाय परीक्षा! शाळेत पेपर हातात पडला की माझ्या पोटात गोळा यायचा. आता या वयात तो गोळा परत कुठे सांभाळू?

नवऱ्याला विचारलं. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो, त्यामुळे बोलणंही तसंच, एकेक स्क्रू काढल्यासारखं.

“अहो, करू की नको?”

बराच वेळ विचार करून म्हणाला, “तुला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते कळत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं!”

“तेही खरंय,” म्हणाला आणि पुन्हा भिंग लावलं. असा नवरा असल्यावर बाई कशाला शहाणी होतेय.

नणंद आमच्याच घरी राहते. ती मंगळवारी जेवताना म्हणाली, “घे की वहिनी! आपल्या घरात अधिकारी! मी तर सगळ्यांना सांगत सुटणार.” बुधवारी तीच तोंड पाडून म्हणाली, “नको गं. वर गेलेली माणसं खाली उतरत नाहीत. तुला सगळे मॅडम म्हणायला लागतील. मीही म्हणायचं का मग?”

“तू म्हणून तर बघ, जीभ हासडून हातात देईन.”

ती हसली. पण ‘मॅडम’ हा शब्द माझ्या कानात माशीसारखा शिरला तो निघेना. फिटरला विचारलं तर तो म्हणाला, “वहिनी, तुम्ही खाली आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. तुम्ही असताना काही होत नाही.” ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, हे सोडून जायचं? कशासाठी?

गुरुवारी ती पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर एक वाक्य ठळक अक्षरात होतं. एका माणसाच्या जागरूकतेवर टिकलेली सुरक्षा ही सुरक्षा नव्हे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे काय? मी इतकी वर्षं काय झोपा काढल्या? शेडमध्ये पाय न ठेवलेल्या कुणीतरी पंख्याखाली बसून लिहिलं असणार. मी पुस्तिका मिटली आणि नवऱ्याच्या दिशेनं भिरकावली. तिच्या धक्क्यानं त्याची एक बारीक स्प्रिंग उडाली. मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत ती स्प्रिंग शोधत बसलो. निदान तेवढा वेळ तरी डोकं शांत होतं.

शुक्रवार उजाडला तरी माझा निर्णय नव्हता.

सकाळी मोठ्या मिक्सरच्या झाकणाची तपासणी होती. मी स्विच पाडला, लाल कुलूप घातलं, झाकण तपासलं आणि तेवढ्यात भट्टीकडून बोलावणं आलं म्हणून तशीच गेले. कुलूप राहिलं लावलेलं. त्याचं काही नाही, उशिरानं काढलेल्या कुलपानं कुणी मरत नाही. दुपारभर मी शेडमध्ये फिरले, पण माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. पायऱ्या दिसल्या की वाटायचं, जावं आणि हो म्हणून यावं. पुढच्या पावलाला वाटायचं, नाही म्हणावं. शेवटी साहेबांकडे जायची वेळ होत आली तेव्हा कुलपाची आठवण झाली. म्हटलं, ते काढून मग वर जाऊ.

खांबामागे स्विच. कडीला एकटं माझं लाल कुलूप. एकटंच, म्हणजे आत कुणी नाही. रोज मी कुलूप काढण्याआधी शिट्टी वाजवते, वाकून भांड्यात बघते. त्या दिवशी डोक्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची झोंबाझोंबी चालू होती. मी चावी फिरवली, कुलूप खिशात टाकलं आणि स्विचचा दांडा वर केला. हिरवा दिवा लागला. आता फक्त बटण दाबायचा अवकाश, आणि ते बटण पलीकडे, जो येईल त्याच्या हाताशी.

भांड्याच्या आतून आवाज आला. “वहिनी, तूच आहेस ना? जरा पाण्याचा पाइप दे गं.”

माझ्या जिवाचं पाणी झालं. दांडा खाली कसा ओढला ते आठवत नाही. नुसती ओरडत होते, “बाहेर! बाहेर या आधी!” भांड्यातून नणंदेचं डोकं वर आलं, केसांना पीठ लागलेलं. तिच्या मागून फिटरचं. आत पात्याच्या दांड्याला टेकून दोघंही निवांत घासत बसली होती.

“तुमची कुलपं कुठायत?” मी विचारलं.

नणंदेनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिचं पिवळं आणि त्याचं निळं, दोन्ही खुंटीवर छान टांगलेली. धूळ बसली होती त्यांच्यावर.

“अगं, तुझं होतं ना लावलेलं!” ती म्हणाली. “तू असल्यावर आमची कशाला? तू काय आम्ही आत असताना काढणारेस?”

“मी काढलं!” मी खिशातलं लाल कुलूप तिच्यापुढे धरलं. “हे बघ, काढलं! दिवा लागला होता वर!”

तिचा चेहरा पांढरा पडला. फिटर भांड्याच्या कडेवरच मटकन बसला. हळूच म्हणाला, “आम्ही नेहमी असंच करतो, वहिनी. सगळेच. तुमचं कुलूप म्हणजे...”

“आणि मी रजेवर असते तेव्हा?”

मग नणंद म्हणाली, “तुझं जुनं लाल कुलूप आहे ना, गंजलं म्हणून टाकलेलं. ते आम्ही तेल घालून ठेवलंय. तू नसलीस की ते लावतो. चावी इथेच खुंटीवर असते, ज्याला लागेल त्यानं घ्यावी.” आणि मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, “तुझं आहे म्हणून लावतो गं. बरं वाटतं.”

मी तिथेच जमिनीवर बसले. हसू की रडू ते कळेना, म्हणून दोन्ही करून घेतलं. माझ्यावरच्या मायेपायी ही माणसं कुलपाची पूजा करत होती, आणि चावी खुंटीवर! जे ऐकून माझ्या अंगावर मांस चढायचं, त्यानंच आज माझ्या नणंदेचा जीव घेतला असता, आणि तोही माझ्या हातानं. पुस्तिकेतलं ते वाक्य आठवलं. पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात आणखी एक शिवी दिली, कारण मेल्याचं बरोबर होतं.

वर गेले. साहेबांनी विचारलं, “मग? ठरलं?”

“आधी हे ऐका,” म्हटलं, आणि घडलं ते सगळं सांगितलं. माझं आधी, त्यांचं नंतर. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे लेखी द्यावं लागेल,” ते म्हणाले. “तिघांनाही नोटीस जाईल. तुमची नणंद आहे ना ती?”

“हो.”

“आणि डिप्लोमाचं? यानंतरही करायचाय तुम्हाला?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “मला जमेल की नाही माहीत नाही. माझी लायकी आहे का, तेही आता माहीत नाही. पण मी शेडमध्ये असले म्हणजे झालं, असं चालायचं नाही. म्हणून करते.”

“म्हणजे हो?”

“हो म्हणा. मी परत विचार बदलायच्या आत लिहून घ्या.”

नोटिसा आल्या. घरी अबोला सुरू झाला. नणंद पानावर बसायची, जेवायची, उठायची. एकदाच बोलली, तेही भावाकडे तोंड करून. “आपल्या माणसाबद्दल कुणी असं लिहून देतं?” नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा “तुला काय वाटतं” न विचारता मला म्हणाला, “ती जिवंत आहे म्हणून चिडू शकतेय.” मग लगेच आमटी मागितली.

पुढच्या शुक्रवारी मिक्सर धुवायचा होता. मी मुद्दाम लांब, भट्टीच्या बाजूला उभी राहिले. माझं लाल कुलूप खिशात होतं, ते जुनं तर मीच भंगारात टाकलं होतं. फिटरनं स्विच पाडला, निळं कुलूप लावलं. मग नणंद आली. पिवळ्या कुलपावरची धूळ बाहीनं पुसली, कडीला घातलं, चावी काढून खिशात ठेवली आणि खिशाची चेन लावली. मग सरळ माझ्याकडे चालत आली.

“लावलंय, मॅडम,” ती म्हणाली. “ओढून बघा हवं तर.”

आठवडाभर ज्या शब्दाला मी भीत होते तो हाच, आणि तो लागायचा तितकाच लागला. मी गेले, कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं. ती आत उतरायला लागली. चूक काहीच नव्हती, तरी सवयीनं मी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकच निघेना.