पुष्पावतीचा खोकला

पुष्पावती खोकली. वासुदेवरावांनी पाना पुन्हा नटावर चढवला, अर्धा फेरा आवळला आणि म्हणाले, "स्वल्प अजून हवं होतं. आता बसलं बघा."

औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई हेमलताक्का स्टुलाशी मान वर करून उभ्या होत्या. एसीच्या तांब्याच्या नळीवर लावलेला साबणाचा फेस आता पांढराशुभ्र, निश्चल बसला होता. पुष्पावतीने तो फडक्याने टिपून घेतला.

"अण्णांच्या बोटांना डोळे आहेत हो," हेमलताक्का म्हणाल्या. "पण अक्का, हा तुमचा खोकला! चार वर्षं ऐकतेय. बाटली देऊ का एखादी?"

"धुळीचा आहे. जाईल."

खोकला धुळीचा नव्हता. साखरेने वासुदेवरावांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले, त्याला चार वर्षं झाली होती. माणूस दिसे, नट हाताला सापडे; पण गळक्या जोडावर फेस लावला की तिथे मोहरीएवढा बुडबुडा धरतो, तो काही दिसत नसे. मग दोघांनी ठरवलं, असंही नाही. एकदा तिला बुडबुडा दिसला, गिऱ्हाइकासमोर काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती खोकली. त्यांनी पाना चढवला. तेव्हापासून वासुदेवरावांचा जोड गळत नाही असा बंगलोरच्या चामराजपेटेत लौकिक झाला, आणि त्यांच्या बायकोची छाती कच्ची आहे, असाही.

आता एसीत भरायचा नवा गॅस आला होता. सिलिंडरवर त्याचं नाव हातभर लांब होतं. कारागीर त्याला नुसतं 'ओलेफिन' म्हणत. नव्या यंत्रांत तोच लागे आणि कंपनी तो परीक्षा पास झालेल्यांनाच देई. जुनी यंत्रं एकेक करून भंगारात चालली होती. परीक्षा नाही तर दुकानाला कुलूप, इतकं ते सरळ होतं.

पुस्तिका इंग्रजीत होती. पुष्पावती सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. इंग्रजी ती खोक्यांवरची, कॉम्प्रेसरच्या पाट्यांवरची वाचत शिकली. पंधरा दिवस तिने जेवताना त्यांना पुस्तिका समजावून सांगितली.

"जुना गॅस हवेत सुटला की चौदा वर्षं तिथंच राहायचा म्हणे. हा दहा-बारा दिवसांत मोडतो. याच्यात दोन कार्बननी एकमेकांना दुहेरी धरलंय ना, म्हणून."

"दुहेरी धरलंय तर टिकायला नको?"

"नाही टिकत. नेमकं तिथंच मोडतं."

"आणि पेट घेतो म्हणालीस ते?"

"जुना घेत नव्हता. हा घेतो. हळू, पण घेतो. बंद खोलीत गळला नि ठिणगी पडली, तर."

"माझा जोड गळत नाही," वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी पोळीचा घास मोडला.

तिने त्यांच्या पोळीकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे. अर्जही तिनेच भरला. नाव, दुकान, अनुभव पस्तीस वर्षं. शेवटी एक रकाना होता.

"मदतनीसाचं नाव विचारलंय."

"रेघ मार," वासुदेवराव म्हणाले.

तिने रेघ मारली.

परीक्षेसाठी व्हाइटफील्डच्या एका हॉलमध्ये वीस-बावीस कारागीर जमले होते. परीक्षा घेणारी आसावरी पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीसची. या दोघांचं आपापसातलं बोलणं कानावर पडताच तिचा चेहरा फुलला.

"काका, तुम्ही मराठी? वॉव! बंगलोरचेच?"

"आमचे आजोबासुद्धा इथलेच," वासुदेवराव म्हणाले.

तोंडी प्रश्न सुरू झाले. हा गॅस हवेत फार दिवस का राहत नाही? बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. वासुदेवरावांनी मान किंचित डावीकडे कलती केली. मागच्या खुर्चीतून पुष्पावती पुटपुटली.

"दुहेरी बंध," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तिथं मोडतो."

"परफेक्ट, काका!" आसावरी म्हणाली. पण ती पाहत होती मागच्या खुर्चीकडे. पुढचे दोन प्रश्नही तसेच गेले. चहाच्या सुट्टीत ती कपासोबत एक कोरा अर्ज घेऊन आली.

"काकू, तुम्ही का नाही देत परीक्षा? एक्स्ट्रा फॉर्म आहे. आज नाही तर शुक्रवारच्या बॅचला या."

पुष्पावतीने अर्ज हातात घेतला. कागद गुळगुळीत होता. तिने वासुदेवरावांकडे पाहिलं. खरं तर त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. पण पलीकडच्या गल्लीतला कारागीर यल्लाप्पा जवळच उभा होता, आणखी चारपाच जण होते.

"ही?" वासुदेवराव हसले. "अहो मॅडम, दहाचा पाना मागितला तर बाराचा देते ही. सोबतीला येते, झालं. खोकायला."

"हौदु, हौदु, खरंय!" यल्लाप्पाने टाळी दिली. "अक्कांचा खोकला अख्ख्या पेटेत फेमस आहे, मॅडम!"

सगळे हसले. चार वर्षांत वासुदेवराव पहिल्यांदाच खरं बोलले होते आणि लोकांना तो विनोद वाटला. पुष्पावतीही हसली. मग अर्जाची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला.

प्रात्यक्षिकाला वासुदेवरावांचं नाव आलं तेव्हा ती नेहमीसारखी त्यांच्या मागे, डाव्या अंगाला उभी राहिली. दोन जोड करायचे होते. बोटांना सगळं पाठ होतं. नळीचं तोंड फुलवणं, नट बसवणं, पाना चढवणं. आजूबाजूची मंडळी पाहत राहिली. नळीत नायट्रोजन भरला. वासुदेवरावांनी फेस लावला, वाकले आणि थांबले. रोज जेवढं थांबत तेवढंच.

उजवा जोड ठीक होता. डाव्या जोडावर, नटाच्या खालच्या कडेला, फेसात एक बुडबुडा धरला. मोहरीएवढा झाला, फुटला. पुन्हा धरला.

वासुदेवरावांचा डावा कान तिच्याकडे झुकला.

पुष्पावतीच्या घशात खरोखरच खवखवलं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि झाकण घट्ट लावलं.

"सरी," वासुदेवराव सरळ होत म्हणाले. "लीक इल्ला."

आसावरी पुढे आली, वाकली. "काका, पुन्हा एकदा बघता का? वेळ आहे."

ते पुन्हा वाकले. या खेपेला मान कानासकट पुरती मागे वळली. हॉलमधल्या पंख्याचा आवाज येत होता.

"बघितलं. लीक नाही."

"आहे, काका," आसावरी हळू म्हणाली. "हा काय बुडबुडा."

"कुठं?" वासुदेवराव म्हणाले, आणि त्यांचं बोट उजव्या जोडावर गेलं.

यल्लाप्पा पुढे झाला होता, तो जागच्या जागी थांबला. कोणी हसलं नाही. बोट तिथेच, चांगल्या जोडावर, जरा वेळ टेकून राहिलं. आसावरीने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. फेस फडक्याने पुसायला पुष्पावतीच पुढे झाली.

परतीच्या मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. वासुदेवराव हात मांडीवर ठेवून समोर पाहत होते. पुष्पावतीने पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर घडी उलगडून अर्ज ठेवला आणि पेन काढलं. स्वतःचं नाव लिहिलं. दुकान, तेच. अनुभव, चार वर्षं. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं.

वासुदेवराव म्हणाले, "आज खोकला नाही आला तुला."

"बरा झाला," पुष्पावती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते तिने पाहिलं नाही. शेवटचा रकाना उरला होता. पुढचं स्टेशन येईपर्यंत ती पेन कागदावर टेकवून बसली. गाडी थांबली, दारं उघडली. मग तिने मदतनीसाच्या नावापुढे रेघ मारली. सरळ आली.