आधी शेरा, मग पत्ता

मी शेऱ्याचा रकाना. तुम्ही मला पाहिलं असेल, वाचलं नसेल. यादीच्या उजव्या टोकाला, सगळे रकाने आखून झाल्यावर जी जागा उरते, ती माझी. पट्टी सरळ धरली असेल तर दोन इंच, वाकडी धरली असेल तर दीड.

माझा जन्म मुलांच्या एका मासिकाच्या कचेरीत झाला. वर्गणीदारांच्या जाडजूड रजिस्टरात आम्ही सात भावंडं होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, वर्गणी, भरल्याची तारीख, मुदत आणि मी. थोरल्या सहा जणांवर कचेरीचा डोलारा उभा होता. मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. माझ्या भावकीतले बहुतेक जण कोरेच जन्माला येतात आणि कोरेच रद्दीत जातात. माझं नशीब असं, की मला एक कारकून भेटला.

वर्गणीच्या टेबलावरचा हा कारकून बारीक अक्षराचा आणि त्याहून बारीक नजरेचा. तो हिरव्या शाईने लिहायचा. हिरवी शाई साहेबांची, कारकुनाने वापरू नये, असं त्याला दोन साहेबांनी सांगून पाहिलं. "साहेब, तुम्ही सही करता, मी लिहितो. शाई जास्त कुणाला लागते?" असं म्हणून त्याने दोघांनाही यथावकाश निवृत्त होऊ दिलं.

त्याचा एकच नियम होता. पाकिटावर पत्ता घालण्याआधी रजिस्टर उजव्या टोकापर्यंत वाचायचं. आधी शेरा, मग पत्ता. कचेरीतले लोक त्याला 'शेरेबहाद्दर' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त होता, पण त्याने तो पगारवाढीसारखा मुकाट घेतला. मिळेल तेवढं घ्यावं, असं त्याचं धोरण.

त्याने माझ्यात काय काय लिहिलं! "जुळी मुलं. एकच अंक गेल्यास मारामारी होते. दोन पाठवावेत." "कुत्रा चावतो. पोस्टमनने सांगितलं, दाखवलं." "आईवडील वेगळे राहतात. एरवीचे अंक आईकडे, सुट्टीतले वडिलांकडे. उलट झाल्यास दोघंही फोन करतात." एका ठिकाणी तर, "नातवाच्या नावाने आजोबाच वाचतात. शब्दकोडं सोडवून पाठवतात. वय ७४. बक्षीस देऊ नये, पण उत्तर बरोबर आल्याचं कळवावं."

आणि एका ओळीत त्याने जे लिहिलं, त्यासाठी हे सगळं सांगतोय.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मुलीच्या सातव्या वाढदिवसाला आमचं मासिक सुरू केलं होतं. मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून आई तिला भिंगरी म्हणायची. वर्षभराने त्या एकट्याच वर्गणी भरायला आल्या. कारकुनाने पावती फाडता फाडता सहज विचारलं, "आज भिंगरी नाही आली? मागच्या वेळी माझा शिक्का पळवत होती."

बाईंनी पावतीकडे बघत सांगितलं, "गेली ती. पंधरा दिवसांचा ताप. तुम्ही पावती तिच्याच नावाने करा."

कारकुनाचा हात थांबला. मग बाई जे बोलल्या, ते मी जसंच्या तसं ऐकलं आहे. "शाळेच्या पटावरून नाव काढलं. दवाखान्याने फाइल बंद केली. घरात तिचं नाव कुणी घेत नाही, मला त्रास होईल म्हणून. तुमचा अंक आला की पोस्टमन दारातून तिच्या नावाने हाक मारतो. महिन्यातून एकदा. तेवढी राहू द्या."

त्या गेल्यावर कारकुनाने टाक बुडवला आणि माझ्यात लिहिलं: "मुलगी गेली. अंक तिच्याच नावाने चालू ठेवावा. वाढदिवसाचं कार्ड नको. वर्गणीचं स्मरणपत्र नको. आई दर वर्षी स्वतः येते. वय काढू नये. पाणी विचारावं."

बावीस वर्षं बाई येत राहिल्या. बावीस वर्षं त्याने आधी पाणी दिलं, मग पावती. दोघांत फारसं बोलणं होत नसे. एकदा त्याच्या शर्टाचं बटण लोंबकळत होतं, ते त्यांनी पिशवीतून सुईदोरा काढून तिथल्या तिथे शिवलं. "कारकुनाला बटण लावायला कुणी नाही का घरी?" त्यांनी विचारलं. "आहे की. पण ती म्हणते, शेरा मारून ठेवा, सवडीने बघते." बाई त्या दिवशी हसल्या. माझ्या माहितीप्रमाणे आमच्या कचेरीत त्या हसल्याचा तो एकच प्रसंग.

मध्ये रजिस्टर गेलं आणि संगणक आला. माझी दीड इंचांची जागा जाऊन दोनशे अक्षरांची चौकट झाली. कारकुनाने जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, एका बोटाने माझे सगळे शेरे उतरवून घेतले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'पत्रव्यवहार नको' अशी टिक करायची एक जागा होती. भिंगरीच्या नोंदीत त्याने ती करून पाहिली, तर पुढच्या महिन्याचा अंकच निघाला नाही. संगणकाच्या मते मासिक हासुद्धा पत्रव्यवहारच. त्याने घाईघाईने टिक काढली, कपाटातली प्रत स्वतः टपालात टाकली आणि स्वतःशीच म्हणाला, "जाऊ दे. शेरा आहे ना. मी वाचतोच."

आपण एक दिवस निवृत्त होणार आहोत, हा शेरा मात्र त्याने कुठे लिहून ठेवला नाही.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात कचेरीत नवं वारं आलं. खप घटत होता. वर्गणी कोण सोडणार हे आधी कळलं तर त्याला थोपवता येईल, असं मालकांच्या मनाने घेतलं. त्यासाठी वर्गणीच्या सगळ्या नोंदी दूरच्या कुठल्याशा संगणकांना जोडायच्या होत्या. त्याला क्लाउड म्हणतात. तिथे एक मॉडेल नोंदी चाळतं आणि कोण सोडून जाईल याचं भाकीत टक्क्यांत सांगतं. ज्योतिषी निदान हात तरी हातात घेतो.

जोडणी करायला एक तरुण इंजिनिअर आली. हुशार, हसतमुख, चहाला नाही न म्हणणारी. तिने आम्हा सातही भावंडांना पडद्यावर उभं केलं आणि एकेकापुढे खूण करत गेली. माझ्यापाशी थांबली.

"काका, या शेऱ्यात आकडे आहेत का?"

"नाहीत."

"तारखा?"

"नाहीत. माणसं आहेत."

ती हसली. "मॉडेलला नाही हो कळत तसं. प्रत्येक ओळीत वेगळंच काहीतरी. कुत्रा काय, जुळी काय."

"मॉडेलला कळावं म्हणून लिहिलंच नाही मी. पत्र पाठवणाऱ्याला कळावं म्हणून लिहिलंय."

"मग हा राहू दे इथेच. डिलीट नाही करत, काळजी करू नका."

तिचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. थोरले सहा भाऊ परदेशी निघाले आणि शेंडेफळ घर सांभाळायला मागे राहिलं, एवढंच. घरोघरी हेच होतं. कारकुनाने निरोपाच्या दिवशी, हातात नारिंगी फुलांचा गुच्छ घेऊन, तिला पुन्हा सांगितलं, "पत्रं पाठवताना आधी शेरा बघा हं." तिने मान डोलावली. पण पत्रं ती पाठवणार नव्हती. तो विभागच वेगळा होता.

चार महिन्यांनी मॉडेलने पहिली यादी दिली. मुलांचं मासिक घेणारे, पण वयाने केव्हाच मोठे झालेले वाचक सगळ्यात वर होते. भिंगरीच्या नोंदीपुढे आकडा आला, सत्त्याण्णव टक्के. खप वाढवण्यासाठी नेमलेल्या साहेबांनी एक गोड पत्र तयार केलं. "प्रिय मैत्रिणी, बघता बघता तू तीस वर्षांची झालीस! बालपणीच्या या सोबत्याचा निरोप घे आणि आमच्या मोठ्यांच्या मासिकात ये." वर फुगे छापले होते.

पहिलं उत्तर त्या आजोबांचं आलं. नातवाला गेलेलं पत्र त्यांनीच उघडलं होतं. "मी अजून मोठा झालो नाही. झालो की कळवीन. सोबत या महिन्याचं कोडं." कचेरीत ते पत्र सगळ्यांनी एकमेकांना वाचून दाखवलं. दोन दिवस हशा चालला होता.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या.

कारकुनाचं टेबल, नवा माणूस येईपर्यंत, इंजिनिअरकडे होतं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "ते कुठे आहेत? हिरव्या शाईचे?"

"रिटायर झाले. बोला ना काकू, मी करते तुमचं काम."

बाईंनी घडी केलेलं पत्र टेबलावर ठेवलं. घडी इतकी नीट होती, जणू इस्त्री केलेली. "हे आलं."

इंजिनिअरने वाचलं. "हो, हे मोठ्या झालेल्या वाचकांना पाठवलंय. तुमच्या मुलीचं का? त्या नाही आल्या?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "तू केवढी आहेस गं?"

"मी? तीस."

"अशी असते होय," बाई म्हणाल्या. बराच वेळ तिचे केस, तिचे हात, तिच्या बाहीची शिवण बघत होत्या. शिंपिणीची नजर, मापं घेतल्याशिवाय राहत नाही. "माझ्या डोक्यात ती आठचीच होती. फ्रॉकचं माप पाठ होतं मला. बावीस वर्षांत कुणी वाढवली नव्हती तिला. तुम्ही एका पत्रात वाढवलीत. आता पोस्टमनने हाक मारली, की माझ्यासमोर तीस वर्षांची कुणीतरी येऊन उभी राहते. मी ओळखत नाही तिला."

इंजिनिअरला काही समजेना. पण काहीतरी समजायचं राहिलंय, एवढं तिला समजलं.

"बंद करा आता," बाई म्हणाल्या. "सही कुठे करू?"

तिने दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली आणि नोंद बंद झाली. त्या उठल्या, पिशवी उचलली, जिन्याकडे वळल्या. तेव्हा कुठे इंजिनिअरचा हात पडद्याच्या उजव्या टोकाकडे गेला. तिने मला उघडलं. पहिल्यांदाच.

तिने मला दोनदा वाचलं. मग धावत जाऊन पेला भरला आणि जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा पेल्यात निम्मंच पाणी उरलं होतं, बाकीचं तिच्या हातावर आणि पायऱ्यांवर सांडलेलं. टेबलावर तो पेला संध्याकाळपर्यंत तसाच होता.

तिने कारकुनाला फोन केला. सगळं सांगितलं.

"टिक करायची सोय नीट करून घ्यायला हवी होती मी," तो म्हणाला. "माझ्या वाचण्यावर विसंबून राहिलो. चूक माझीच." मग त्याने विचारलं, "पाणी विचारलंत?"

तिने टेबलावरच्या अर्ध्या पेल्याकडे पाहिलं. तो पुन्हा विचारणाऱ्यातला नव्हता.

त्यानंतर तिने माझ्यात काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. "आमची" एवढं टंकून झालं होतं. लाल अक्षरांत निरोप आला, की बंद नोंदीत बदल करता येत नाही. आता ती रोज दुपारी बाकीचे शेरे वाचत बसते. वहीत उतरवून घेते, कुणाला काय पाठवू नये ते. चांगलं काम आहे. उशिरा सुरू झालेलं.

महिनाअखेरीला क्लाउडकडून अहवाल आला. मॉडेलने ज्यांच्या जाण्याचं भाकीत केलं होतं, त्यांतले किती खरोखर गेले, याचा. भिंगरीच्या ओळीपुढे हिरवी खूण होती. भाकीत बरोबर. साहेबांनी पेढे तेवढे वाटले नाहीत, बाकी सगळा आनंद साजरा केला. खुणेचा हिरवा रंग मी लगेच ओळखला, पण त्यात शाईचा वास नव्हता.

बंद झालेल्या नोंदी वर्षअखेरीला पुसून टाकतात. जागा अडते म्हणे. म्हणजे त्या ओळीत मी अजून काही महिने आहे. मला माझं वाईट वाटत नाही, मी दुसऱ्या ओळींत राहीनच. पण माझ्या डाव्या हाताला, सहा घरं पलीकडे, तिचं नाव आहे. बाईंच्या दारावरून पोस्टमन आता गप्पच पुढे जात असेल.

तोवर तुमच्यापैकी कुणी या कचेरीत आलंच, आणि ती ओळ तुमच्यापुढे उघडली, तर माझं वाचून झाल्यावर डावीकडे जा. तिचं नाव वाचा. मनात नको. दारात उभं राहून हाक मारावी, तसं.