बनुबाईनं फिल्टर हलवला

एकाहत्तरच्या लढाईत लालासाहेबाचा उजवा हात मनगटापासून गेला. फौजेत तो गाड्यांचा मेस्त्री होता. वाईजवळच्या आपल्या गावी परतल्यावर कितीतरी दिवस तो ओसरीवर नुसता बसून असायचा. ऊस, गुरं, पाण्याची पाळी, सगळं त्याची बायको बनुबाईच बघायची. मग एक दिवस पाचगणीच्या कुणा पारशी बाईंनी मोडीत काढलेली जुनी विलायती मोटार त्यानं ट्रकमागं बांधून घरी आणली.

"चालवणार कोण रं?" भावकीतल्या आप्पासोनं विचारलं.

"ही," लालासाहेबानं बनुबाईकडं बोट दाखवलं.

बनुबाईला वाटलं, चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशीच त्यानं तिला नदीकाठच्या माळावर नेलं आणि शेजारी बसून शिकवायला सुरुवात केली. पदर खोचून ती शिकली. सातारला जाऊन लायसन काढून आली.

आता तिला एकच हौस होती. तिचं माहेर पसरणीच्या घाटावर, पाचगणीच्या पलीकडं. तिथं स्वतः गाडी घेऊन जायचं. पण साधा चढ लागला तरी गाडी धूर ओकायची. तेल गाळणारा फिल्टरचा डबा इंजिनच्या कुशीत अडकवलेला होता. त्याच्या सांध्यातून ठिबकणारं तेल खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं. सांधा आवळावा तर स्टिअरिंगच्या दांड्यामुळं पान्याला फिरायला जागाच नव्हती. सातारच्या गॅरेजवाल्यानं स्पष्ट सांगितलं, "इंजिन उतरवा, नाहीतर गाडी विकून टाका."

बनुबाई बराच वेळ बॉनेटखाली वाकून बघत राहिली.

"आवं, ह्यो डबा हितंच पायजे असं हाय का? घरात धूर कोंडला तर आपुन चूल हलवतोच की."

लालासाहेब तिच्या शेजारी वाकला. मग त्याचे डोळे चमकले. "तेलाला जायाला येक नळी, यायाला येक नळी. त्या लांबवल्या की डबा कुटंबी बसंल. आगं, पायापुढच्या पत्र्यावरच ठोकू त्येला, इंजिनच्या अंगानं!"

इस्लामपूरला ट्रॅक्टरच्या दुकानात तेलाचा दाब सोसणाऱ्या जाड रबरी नळ्या मिळाल्या. जुना डबा सोडवणं मात्र सोपं नव्हतं. डबा धरणारे मागचे नट गंजून बसलेले. रॉकेल सोडून ठेवलं, हातोडीनं हलके ठोके दिले, तरी हलेनात. लालासाहेबाचा डावा पंजा त्या फटीत शिरत नव्हता. बनुबाईचा आखूड पान्यासकट शिरला. तिच्या बोटांची सालं निघाली. ते बघून लालासाहेबानं तोंड फिरवलं.

"माजा हात असता तर तुला ह्यो तरास झाला नसता."

"मग ह्यो कुनाचा हाय?" आपला काळाकुट्ट हात तिनं त्याच्यापुढं धरला. "तुमी निस्तं कुटं जोर लावू ते सांगा."

"खाली दाब. आता तुज्याकडं वढ. दमानं."

कर्रर्र आवाज झाला आणि नट सुटला. बनुबाई अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली.

डबा नव्या जागी बसला, नळ्या जोडल्या, इंजिन सुरू केलं, आणि सांध्यातून तेलाची चिळकांडी थेट बनुबाईच्या तोंडावर उडाली. बांधावरून बघणारा आप्पासो पोट धरून हसला. "झाला अभिषेक!"

तिनं इंजिन बंद केलं, पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

लालासाहेबानं सांध्यातल्या तांब्याच्या चकत्या काढायला लावल्या. "जुन्या होऊन कडक पडल्यात. चुलीत टाक, लाल झाल्या की गार पान्यात बुडीव. तांबं मऊ पडतं. मग बसत्याल चिकटून."

चकत्या मऊ पडल्या, सांधे आवळले. या वेळी इंजिन धडधडत असताना लालासाहेबानं प्रत्येक सांध्यावरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं स्वच्छच राहिलं.

रविवारी सकाळी त्यांनी घाट धरला. बनुबाई स्टिअरिंगचं चक्र घट्ट धरून, लालासाहेब तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर लावून. वळणं आवळत गेली, तशी तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. काटा खाली आला नाही. मध्यावर थांबून बॉनेट उघडलं, तर धूर नाही, वास नाही, पाइप कोरडा ठणठणीत. वरून उतरणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं वेग कमी करून मान बाहेर काढली. नऊवारीतली बाई चक्रामागं बघून त्यानं जोरात हॉर्न दिला. बनुबाईनं त्याच्याहून मोठा दिला.

शेवटचं वळण संपलं आणि सपाटी लागली. खाली कृष्णेचं खोरं पसरलं होतं. "चढली!" लालासाहेब ओरडला. "आगं, चढली की!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

माहेरच्या दारात तिची आई, चंद्राबाई, सूप टाकून धावत आली. "कुनाची मोटार, बनू?"

"आपली. बस म्होरं."

लालासाहेब हसत उतरला, सासूला पुढं बसवलं आणि स्वतः मागं गेला. बनुबाईनं गिअर टाकला आणि गावच्या भर पेठेतून आईला मिरवत नेलं.